कापसाचं जीन कुठून आलं?

प्रश्न : आमच्या अकोट भागात ‘कापूस जिनात नेला’, ‘ती जिनावर कामाला जाते’ असं सगळेच बोलतात. माझी नात इंग्रजी शाळेत शिकते. तिनं शब्दकोश उघडून पाहिला, तर ‘जिन’ म्हणजे एक दारू. दुसरा अर्थ सापळा. मग कापसाच्या कारखान्याला हे नाव कुणी दिलं, असं ती विचारते. मला काही सांगता आलं नाही. खुलासा करावा.
– एक वाचक, अकोट

उत्तर : नातीला एक कागद द्या आणि त्यावर ‘इंजिन’ लिहायला सांगा. पहिलं अक्षर खोडलं की खाली उरतं ‘जिन’. शब्दाची उत्पत्ती इतकी सरळ आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘आंजँ’ असा शब्द होता, तो इंग्रजांनी घेतला. बोलताना जोर मागच्या अक्षरावर पडे, त्यामुळे पुढचं अक्षर झिजत गेलं आणि ‘जिन’ हा सुटा शब्द झाला. मूळचा लांब शब्दही भाषेत राहिलाच. म्हणून वऱ्हाडात विहिरीवर धडधडतं ते इंजिन आणि गावाबाहेर सरकी काढतं ते जीन, हे एकाच घरातले दोन भाऊ आहेत.

या घराचं मूळ लॅटिन भाषेत आहे. तिथला शब्द ‘इंगेनियम’. ‘इन्’ म्हणजे आत, आणि पुढच्या भागाचा अर्थ जन्म देणं. जन्मतःच जे आत असतं ते, म्हणजे माणसाची उपजत बुद्धी. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर हा शब्द बुद्धी याच अर्थानं वापरतो. पुढे बुद्धीतून निघते ती युक्ती, आणि युक्तीनं घडवलेली वस्तू ती यंत्र, असा अर्थ सरकत गेला. मराठी माणसाला हा प्रवास परका वाटू नये. आपल्याकडे ‘कला’पासून ‘कळ’ झाली. यंत्राची कळ दाबतो, तेव्हा आपण कुणाच्या तरी कौशल्यावरच बोट ठेवत असतो.

मध्ययुगात ‘जिन’ म्हणजे कोणतंही युक्तीचं साधन. पाखरं धरायचा फासा, तीन वासे उभे करून वजन उचलायची घोडी, घोडा जुंपून फिरवायचा रहाट, सगळ्याला हाच शब्द. तुमच्या नातीला सापडलेला सापळा हा त्यातलाच. दारूची ‘जिन’ मात्र वेगळी. ती जुनिपर नावाच्या झुडपाच्या फळांनी स्वाद दिलेली दारू. फळाच्या लॅटिन नावावरून डच लोकांनी ‘येनेवर’ केलं, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी त्याचं आखूड रूप केलं. उच्चार जुळला, एवढंच.

याच लॅटिन शब्दातून स्पॅनिश लोकांनी ‘इन्हेनिओ’ केला. क्यूबात आणि आसपासच्या प्रदेशात त्याचा अर्थ आहे साखर कारखाना. तिथं ऊस ‘इन्हेनिओ’त जातो, इथं कापूस ‘जिना’त. दोन्ही ठिकाणी ज्या आवारात पिकाचा माल होतो त्या आवाराला लोकांनी बुद्धीचं नाव दिलं आहे.

मराठीत याच उच्चाराचे आणखी शब्द आहेत, त्यांच्याशी घोटाळा होऊ देऊ नका. घोड्याच्या पाठीवरचं जीन फारसीतून आलं, माडीवर जायचा जिनाही फारसीच. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांना आपण जिन म्हणतो तो शब्द संस्कृत, ‘जिंकणारा’ या अर्थाचा. गोष्टीतला जिन्न अरबी. कापसाच्या जिनाचं यांच्यापैकी कुणाशीही नातं नाही.

आता मुख्य भाग. सर्वसाधारण यंत्राचा शब्द कापसालाच का चिकटला? उत्तर अमेरिकेत आहे. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत जो कापूस पिके त्याची रुई सरकीला घट्ट धरून असते. हातानं सोलायची तर दिवसाकाठी मूठभर निघे. एली व्हिटनी यानं 1793 मध्ये त्यासाठी यंत्र केलं आणि 14 मार्च 1794 रोजी त्याचं पेटंट घेतलं. फिरत्या रुळावरचे दाते जाळीच्या फटीतून रुई ओढून घेत, सरकी फटीतून जात नसे म्हणून मागे राही. लोक त्याला ‘कॉटन जिन’, म्हणजे कापसाचं यंत्र म्हणू लागले. काही वर्षांत ‘कॉटन’ गळालं, ‘जिन’ उरलं.

या शब्दाच्या मागे एक काळी बाजू आहे आणि ती नातीलाही सांगावी, असं मला वाटतं. यंत्रानं श्रम वाचले म्हणून गुलामांचे कष्ट कमी झाले नाहीत. कापूस इतका फायद्याचा झाला की मळे पसरत गेले आणि ते राबवायला आणखी माणसं बांधली गेली. अमेरिकेत 1790 मध्ये सुमारे 7 लाख गुलाम होते, 1860 मध्ये ते सुमारे 40 लाख झाले.

आपल्याकडे तर सरकी काढायचं साधन व्हिटनीच्या कितीतरी आधीपासून होतं. हातचरकी. लाकडी चौकटीत दोन रूळ, एकावर एक, एका टोकाला मूठ. मूठ फिरवली की रूळ एकमेकांच्या उलट दिशेनं फिरत. कापसाचा पुंजका पुढे धरला की रुई पातळ होऊन रुळांमधून पलीकडे निघे आणि सरकी अलीकडे टपटप पडे. याच्याही आधी सपाट दगडावर एकच रूळ लाटायची रीत होती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत ती अभ्यासकांनी ओळखली आहे. कापूस लोढण्याचं हे काम घराघरांतून होई आणि बहुतेक बायकाच करत.

ईस्ट इंडिया कंपनीला मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी कापूस हवा होता. कंपनीनं 1840 मध्ये अमेरिकेतले मळेवाले हिंदुस्थानात आणले, त्यांच्याबरोबर दातेवाली यंत्रंही आली. इथल्या देशी कापसाशी त्यांचं जमलं नाही. आपला धागा आखूड. दात्यांनी तो तुटे आणि रुईची किंमत उतरे. त्याच 1840 साली अमेरिकेत फोन्स मॅकार्थी यानं वेगळ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात दाते नव्हते. चामडं गुंडाळलेला रूळ, त्याला चिकटून एक स्थिर पातं आणि वरखाली हलणारं दुसरं पातं. रूळ रुई धरून ओढतो, पातं सरकीला मागे ढकलतं. वऱ्हाडात टिकलं ते या जातीचं यंत्र. आज जिनात ज्याला ‘डीआर’ म्हणतात, ते दोन रुळांचं यंत्र याच वंशातलं. म्हणजे नाव व्हिटनीच्या यंत्राचं आणि काम बरंचसं चरकीच्या रीतीचं. आपल्या जिनाला मी चरकीचा वारस मानतो. मूठ फिरवणाऱ्या हाताच्या जागी आधी वाफेचं इंजिन आणि मग विजेची मोटार आली. रुळानं रुई ओढायची ही मूळ कल्पना कायम राहिली.

वऱ्हाडात हा शब्द आला तो काळ नेमका सांगता येतो. निजामाकडून 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. तोवर इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून बंजाऱ्यांचे तांडे थेट गंगेकाठी मिर्झापूरपर्यंत नेत, तिथून तो नावेनं कलकत्त्याला जाई. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस बंद झाला आणि लिव्हरपूलच्या दलालांची नजर अमरावती, अकोला, खामगावकडे वळली. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरामार्गे नागपूरला पोचली. 1870 मध्ये जलंब–खामगाव फाटा सुरू झाला, तेव्हा उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. कापसाच्या एका बाजारपेठेसाठी व्हाइसरॉय यावा, यावरून त्या मालाचं वजन कळतं. बडनेऱ्याहून अमरावतीचा फाटाही त्याच सुमाराचा. पुढे मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी ‘शकुंतला’ घातली गेली, तीही कापसासाठीच.

रुळांमागोमाग जीन-प्रेस आले. कापसाची सरकी काढायची तिथंच, आणि रुई दाबून गठाणी बांधायच्या त्याही तिथंच, म्हणजे जहाजात जागा कमी लागते. रॅली आणि व्होल्कार्ट अशा परदेशी कंपन्यांनी वऱ्हाडात खरेदीची ठाणी उभारली, गुजराती आणि मारवाडी व्यापाऱ्यांनी स्वतःची जिनं घातली. मेकॅनिक, फिटर, मुनीम यांच्या तोंडून शब्द मजुरांकडे आणि मजुरांकडून गावात गेला. गावानं त्याला मराठी विभक्ती लावल्या : जिनात, जिनाचा, जिनावर, जीनवाला. अर्थही वाढवला. इंग्रजीत जिन म्हणजे मुख्यतः यंत्र. आपल्याकडे यंत्र, इमारत, आवार, काटा, गाड्यांची रांग, सगळं मिळून जीन.

त्या जिनांत पहिल्या पिढीतल्या बायकांनी फार सोसलं आहे. हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा 1881 चा. त्यात वर्षाला चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने वगळले होते. जीन चालतं ते हंगामापुरतं, त्यामुळे अनेक जिनं कायद्याच्या बाहेर राहिली. पहाटेपासून रात्रीपर्यंत यंत्रापुढे कापूस टाकत राहायचं, श्वासात तंतू जायचे आणि दाद मागायला जागा नाही. ज्या बायकांच्या हातची चरकी गेली, त्याच वर्गातल्या बायका मजुरीसाठी जिनाच्या दारात उभ्या राहिल्या. नवी कळ आली की ती कुणाचं काम घेऊन जाते आणि त्या माणसाला बदल्यात काय देते, हे विचारायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

आजचं जीन पाहायचं असेल, तर नातीला दिवाळीनंतर घेऊन जा. आवारात कापसाचा ढीग असतो, माणूस त्यावर चढला तर गुडघ्यापर्यंत रुततो. आत यंत्रांची ओळ. एका यंत्राजवळ उभं राहून नीट पाहिलं, तर रुळावरून रुई पातळ पदरासारखी सुटून खाली येताना दिसते, आणि मधल्या जाळीतून सरकीचा सततचा पाऊस पडत असतो. यंत्र फार जवळून बघू नका, पात्यांचा फटका वाईट. बाहेर येईस्तोवर भुवया, पापण्या पांढऱ्या झालेल्या असतात. एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. एका गठाणीत 170 किलो रुई भरते, म्हणजे एका गठाणीमागे सुमारे पाच क्विंटल कापूस. शेतकऱ्याला भाव मिळतो कापसाचा आणि बाजार चालतो रुई व सरकीच्या भावावर. हा हिशेब ज्याला येतो, त्याला जिनाच्या काट्यावर फसवणं अवघड असतं.

सरकीचं पुढं तेल निघतं आणि ढेप उरते, ती गुराढोरांपुढे जाते. पऱ्हाटी, वेचणी, रुई, सरकी, ढेप हे सगळे शब्द आपलेच राहिले. इंग्रजीतून आलं ते यंत्राचं आणि दाबखान्याचं नाव. वावरातल्या भाषेला धक्का लागला नाही. पहिल्या वेचणीला सीतादही करणाऱ्या बाईला इंग्रजी शब्दाची गरज पडत नाही, तिच्या विधीत तो शिरलेलाही नाही.

आणि देवाणघेवाण एकतर्फी झाली नाही, हेही नातीला जरूर सांगा. आपण ‘जिन’ घेतलं त्याच काळात इंग्रजांनी आपल्याकडून ‘अमरावती’ घेतली. गावाचा तेव्हाचा बोलीतला उच्चार उमरावती. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाचा भाव त्याच नावानं, ‘ऊमरावत्ती’ म्हणून निघे. पुढे त्याचंही आखूड रूप ‘ऊमरा’ झालं. हिंगणघाटचा कापूस हिंगणघाट म्हणूनच विकला जाई आणि तो वरचढ समजला जाई. मुंबईच्या कापूस बाजारात विसाव्या शतकातही ‘ऊमरा’चे वायदे होत. अंबादेवीच्या गावाचं नाव कधीही न पाहिलेले लँकेशायरचे दलाल रोज उच्चारत होते. अकोल्याचं नावही असंच बाजारात आहे. सरकी ढेपेचा वायदा देशाच्या एनसीडीईएक्स या बाजारात चालतो, तो अकोला केंद्र धरून. त्या कराराच्या खुणेतली शेवटची तीन इंग्रजी अक्षरं, ए, के, एल, ही अकोल्याची आहेत.

प्रश्न : बीटी कपाशीत ‘जीन’ टाकलेला असतो, आणि तिचा कापूस पुन्हा ‘जिनात’ जातो. हे दोन्ही एकच का?
– एक शेतकरी, दर्यापूर

उत्तर : शब्द दोन आहेत, इंग्रजीत ते लिहितातही वेगळे. पण खूप मागे गेलं तर मूळ एक निघतं.

बियाण्यातला जीन म्हणजे आपलं जनुक. हा शब्द डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी 1909 मध्ये रूढ केला. त्याआधी ह्यूगो द व्रीस या डच शास्त्रज्ञानं ‘पँजीन’ असा शब्द वापरला होता. योहान्सननी त्याचं पुढचं अक्षर काढून टाकलं. म्हणजे एक जीन ‘इंजिन’चं आखूड रूप, दुसरा ‘पँजीन’चं. हा दुसरा ग्रीक शब्दावरून आला. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ कुळ, वंश. ग्रीक आणि लॅटिन या दोन्ही शब्दांचा धातू एकच, आणि तोच संस्कृतातला ‘जन्’. आपले जन्म, जनक, जननी, जात हे शब्द त्याच धातूचे. मराठीत ‘जनुक’ घडवणाऱ्यांनी म्हणूनच अचूक शब्द दिला : अर्थही बसतो, कुळही तेच.

बीटीचा अर्थही सांगून ठेवतो, कारण पिशवीवरची ती दोन अक्षरं आपण रोज वाचतो. बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा मातीत सापडणारा जीवाणू आहे, त्याच्या नावाची ती आद्याक्षरं. या जीवाणूचं एक जनुक कपाशीत घातलं, की झाडाच्या अंगातच बोंडअळीला मारक असं प्रथिन तयार होतं. भारतात या कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली. पण गुलाबी बोंडअळी त्या प्रथिनाला सरावली, आणि 2017 च्या हंगामात विदर्भात तिनं काय केलं, हे तुम्ही शिवारात पाहिलं आहे. तेव्हा बीटी लिहिलं आहे म्हणून गाफील राहू नका. फरदड घेऊ नका, कामगंध सापळे लावा. जिनाच्या आवारातल्या सरकीतून आणि कचऱ्यातूनही या अळीचे पतंग बाहेर पडतात, म्हणून जिनातसुद्धा सापळे लावायला सांगितलं जातं.

प्रश्न : आमचे वडील ‘जिनाचा कोट’ शिवून घेत. हे जीन कापसाच्या जिनात तयार होई का? आणि हल्लीची जीन्स?
– एक वाचक, बडनेरा

उत्तर : नाही. जिनात कापड तयार होत नाही, तिथं फक्त रुई सुटी होते. वडिलांच्या कोटाचं जीन म्हणजे तिरप्या विणीचं जाड सुती कापड. इटलीतल्या जेनोवा बंदरातून असं कापड युरोपभर जाई. फ्रेंच लोक त्या बंदराला ‘झेन’ म्हणत, त्यावरून इंग्रजांनी सोळाव्या शतकात ‘जीन’ केलं. जीन्स हे त्याचंच अनेकवचन. सॅन फ्रान्सिस्कोचे लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस नावाचा शिंपी, या दोघांनी 20 मे 1873 रोजी पँटीच्या खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याची रिव्हेटं ठोकायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. मजुरांचे खिसे फाटू नयेत, एवढाच उद्देश होता.

डेनिम हेही गावाचंच नाव. फ्रान्समधलं नीम शहर, तिथलं कापड म्हणून ‘द नीम’. डेनिममध्ये उभा धागा निळीत रंगवलेला आणि आडवा पांढरा, म्हणून ते घासलं की आतला पांढरा रंग दिसू लागतो. त्याला सूत जाड लागतं, आणि जाड सुताला आखूड धाग्याची रुई चालते. यवतमाळला आज डेनिम विणणारी गिरणी आहे, म्हणजे पऱ्हाटीपासून डेनिमपर्यंतची सगळी कामं वऱ्हाडातच होऊ शकतात. शेतकऱ्याच्या पोरांना रोजगार या टप्प्यांवर आहे. गठाणी बांधून बाहेर पाठवण्यावर आपण फार काळ थांबलो.

याच घराण्यातला तिसरा शब्द ‘डंगरी’. कारखान्यातले कामगार घालतात त्या जाड कपड्यांना इंग्रजीत हे नाव आहे, आणि ते मुंबईच्या डोंगरीवरून पडलं असं शब्दकोशकार मानतात. तिथं विकलं जाणारं भरड सुती कापड सतराव्या शतकापासून इंग्रजांच्या कागदपत्रांत दिसतं. तुमच्या वडिलांच्या कोटाला नाव जेनोवाचं होतं. कापड मात्र बहुधा मुंबईच्या गिरणीतलं असणार, आणि त्या गिरण्यांना लागणाऱ्या रुईत वऱ्हाडच्या गठाणींचा वाटा मोठा होता.